ड्यूसेनबर्ग : एका मोटारीचे मालक आणि राखणदार

एखादा मोटार-कारखाना १९३७ मध्ये बंद पडला, तर त्याच्या किती गाड्या आज शिल्लक असाव्यात? साध्या हिशेबाने पाहिले तर फारच थोड्या. हेन्री फोर्डने लाखोंनी गाड्या विकल्या आणि त्यांतल्या बहुतेक भंगारात गेल्या. यंत्र झिजते, पत्रा गंजतो, मालक कंटाळतो. असे असूनही अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातल्या ड्यूसेनबर्ग कंपनीने बनवलेल्या ‘मॉडेल जे’ या ४८१ गाड्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक आजही अस्तित्वात आहेत. त्यांतली एक इंदूरच्या होळकरांची. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे. त्याआधी या गाड्या कोणी बनवल्या, कोणी घेतल्या आणि कोणी जपल्या, हे क्रमाने पाहू. बनवणारे, घेणारे आणि जपणारे ही तीन निरनिराळी माणसे होती, आणि या इतिहासातली खरी गोष्ट तिथेच आहे.

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे दोघे भाऊ जर्मनीतल्या लिप्पे या छोट्या संस्थानात जन्मले. वडील गेल्यावर आई मुलांना घेऊन अमेरिकेतल्या आयोवा प्रांतात आली. इंजिनिअरिंगचे रीतसर शिक्षण दोघांनाही मिळाले नाही. थोरला फ्रेड शेतीची यंत्रे आणि सायकली दुरुस्त करता करता सायकलशर्यतीत उतरला, सायकली बनवू लागला आणि तिथून मोटारीकडे वळला. १९०६ च्या सुमारास द मॉइन शहरातल्या मेसन नावाच्या वकिलाने भांडवल पुरवले, म्हणून पहिल्या गाडीला नाव मिळाले ते मेसनचे. पुढे तो धंदा मेटॅग या कारखानदाराकडे गेला. कपडे धुण्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध झालेले मेटॅग ते हेच. भावांच्या स्वतःच्या नावाची कंपनी उभी राहायला १९१३ साल उजाडले. अक्कल आपली आणि भांडवल दुसऱ्याचे, हा योग त्यांच्या पाठीशी आयुष्यभर राहिला.

शर्यतीने त्यांना नाव दिले. जुलै १९२१ मध्ये फ्रान्समध्ये ल माँ येथे झालेली ग्रां प्री जिमी मर्फी या अमेरिकन चालकाने ड्यूसेनबर्गमधून जिंकली. सरावात अपघात होऊन त्याच्या बरगड्या दुखावल्या होत्या, त्या बांधून तो गाडीत बसला. त्या गाडीच्या चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. आज आपल्या दारातल्या साध्या गाडीलाही असतात, त्याच तत्त्वाचे. युरोपातली ग्रां प्री अमेरिकन गाडीतून अमेरिकन चालकाने जिंकण्याचा पुढचा योग थेट १९६७ मध्ये आला. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत ड्यूसेनबर्गने १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये जिंकली. १९२५ मध्ये पीटर डी पाओलोने त्या शर्यतीत प्रथमच ताशी शंभर मैलांच्या वरची सरासरी राखली.

कीर्ती वाढली, पण पैसा आला नाही. ‘मॉडेल ए’ ही त्यांची पहिली विक्रीची गाडी यंत्र म्हणून काळाच्या पुढे होती, पण सहा-सात वर्षांत जेमतेम साडेसहाशे गाड्या झाल्या. भावांचा जीव यंत्रशाळेत रमे. हिशेबाच्या वहीत त्यांना गोडी नव्हती. १९२४ मध्ये कंपनी कर्जापायी कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या ताब्यात गेली. १९२६ मध्ये एर्रेट लॉबन कॉर्ड या धडाडीच्या विक्रेत्याने ती विकत घेतली. त्याने फ्रेडला एकच काम सांगितले : जगात यापेक्षा चांगली गाडी नाही असे म्हणता येईल अशी गाडी बनव, खर्चाचे मी पाहतो.

१ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘मॉडेल जे’ लोकांसमोर आली. आठ सिलिंडर एका रांगेत, बत्तीस व्हॉल्व्ह, सुमारे सात लिटरचे इंजिन. कंपनीने शक्ती सांगितली २६५ अश्वशक्ती. त्या वेळच्या इतर बड्या अमेरिकन गाड्यांच्या ती दुपटीहून अधिक होती. किंमत ८,५०० डॉलर, आणि तीही फक्त चॅसिसची, म्हणजे चाके, इंजिन आणि सांगाडा यांची. बॉडी वेगळी. त्याच वर्षी फोर्डची नवी गाडी अवघ्या चार-पाचशे डॉलरांत घरी नेता येत होती. ड्यूसेनबर्गचा खरेदीदार मात्र कापड घेऊन शिंप्याकडे जावे तसा चॅसिस घेऊन बॉडी बांधणाऱ्या कारागिराकडे जाई. पॅसाडीनाचा मर्फी, न्यूयॉर्कचा रॉलस्टन अशी ती घराणी. लाकडी चौकट, त्यावर हाताने ठोकलेला पत्रा, मालकाच्या पसंतीचे चामडे आणि रंग. त्यामुळे दोन ‘जे’ अगदी एकसारख्या सापडणे कठीण.

पहिल्या मालकांचा अनुभव कसा होता? चालकासमोर वेगाच्या आणि तेलाच्या काट्यांबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंची आणि ब्रेकमधला दाब दाखवणारे काटेही असत. बॉनेटखाली एक छोटी दातेरी पेटी होती. दर सातशे मैलांनी तेल बदलायचा दिवा ती लावी आणि चौदाशे मैलांनी बॅटरी तपासायचा. आज गाडीच गॅरेजची आठवण करून देते याचे आपल्याला नवल वाटत नाही. त्या मालकांना तेव्हा नक्कीच वाटले असेल. जाहिरातींचा थाटही वेगळा होता. काहींत गाडीचे चित्रच नसे. मोठ्या दालनात किंवा बागेत निवांत असलेला धनिक दाखवायचा आणि खाली एवढेच सांगायचे की हा गृहस्थ ड्यूसेनबर्ग चालवतो. स्पेनचा राजा, वृत्तपत्रसम्राट हर्स्ट आणि चित्रपटातले गॅरी कूपर व क्लार्क गेबल यांच्याकडे ही गाडी होती.

पण वेळ चुकली होती. वर्षाला पाचशे गाड्या विकायचा बेत होता. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, आणि एका वर्षाचा तो आकडा पुढच्या आठ वर्षांतही पुरा झाला नाही. बहुतेक इंजिने पहिल्या एक-दोन वर्षांतच तयार होऊन पडली होती. गिऱ्हाईक येई तसतशी ती एकेक करून गाडीत चढत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे. १९३२ मध्ये सुपरचार्जर लावलेली, ३२० अश्वशक्तीची ‘एसजे’ निघाली. त्याच वर्षी २ जुलैला पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात स्वतः ‘एसजे’ चालवत असताना फ्रेडला अपघात झाला. तो सावरतो असे वाटत असतानाच न्युमोनिया झाला आणि २६ जुलैला तो गेला. १९३७ मध्ये कॉर्डचा सगळा व्याप मोडला, त्याबरोबर ड्यूसेनबर्गही संपली.

शेवटच्या मालकाची कथा सांगण्यासारखी आहे. रुडॉल्फ बाउअर हा जर्मन चित्रकार. नाझींनी १९३८ मध्ये त्याला तुरुंगात टाकले. न्यूयॉर्कचे धनाढ्य संग्राहक सॉलोमन गुगेनहाइम यांच्या बाजूने खटपट होऊन तो सुटला आणि अमेरिकेत आला. त्याने स्वतः आखलेली बॉडी एका ड्यूसेनबर्गवर चढून १९४० मध्ये गाडी त्याच्या हाती आली. तोवर कारखाना बंद होऊन तीन वर्षे झाली होती.

इथवरची गोष्ट श्रीमंतांची. यापुढची तशी नाही. युद्धाच्या काळात पेट्रोल आणि टायर रेशनवर आले, लोखंड भंगारात मागितले जाऊ लागले, आणि दोन टनांहून जड अशा या गाड्या कोणाला नकोशा झाल्या. वीस हजार डॉलरांपर्यंत गेलेली गाडी काहीशे डॉलरांत मिळू लागली. तेव्हा ती घेतली कोणी? विद्यार्थ्यांनी, मिस्त्रींनी, बेताच्या पगारावरच्या हौशी माणसांनी. शिकागोत एक व्यापारी जुन्या ड्यूसेनबर्ग घेण्या-विकण्यासाठीच ओळखला जाई. गिऱ्हाइकाला बंद गाडी नको, उघडी हवी, म्हणून बॉड्यांची अदलाबदल होई. एकीचे इंजिन दुसरीत, दुसरीची बॉडी तिसरीवर. गाडी वाचे, पण तिची ओळख हरवे.

म्हणून या दुसऱ्या-तिसऱ्या मालकांपैकी काहींनी एक कंटाळवाणे काम हाती घेतले. कोणत्या नंबरचे इंजिन कोणत्या चॅसिसमध्ये होते, त्यावर बॉडी कोणाची, गाडी पहिल्यांदा कोणाला विकली, नंतर कोणाकडे गेली, याची ते यादी करू लागले. जे. एल. एल्बर्ट यांनी १९५१ मध्ये कंपनीवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूसेनबर्ग या तिन्ही गाड्यांच्या मालकांनी संघ स्थापला. इंडियाना प्रांतातल्या ऑबर्न गावी दरवर्षी त्यांचा मेळा भरतो. जुन्या ऑबर्न कंपनीच्या मुख्य इमारतीत १९७४ मध्ये संग्रहालय उघडले. संघाचे जाणकार गाडी तपासून, तिचे इंजिन, चॅसिस आणि बॉडी मूळची आहे की नाही, याचा निवाडा देतात. मघाशी सांगितलेली गोष्ट इथे उपयोगी पडते. १९३० ला तयार झालेले इंजिन १९३५ मध्ये विकले गेले असेल, तर गाडीचे साल कोणते? गाडीकडे नुसते पाहून याचे उत्तर मिळत नाही; ते कागदात असते.

या नोंदींचे मोल पैशातही दिसले. गॅरी कूपरला कंपनीने जाहिरातीसाठी वापरायला दिलेली आखूड ‘एसएसजे’ २०१८ मध्ये लिलावात २ कोटी २० लाख डॉलरांना गेली. अमेरिकन गाडीला लिलावात तोवर एवढी किंमत आली नव्हती. ही रक्कम पत्र्याची किंवा इंजिनाची नाही. ही तीच गाडी, आणि कूपरपासून आजवर ती कोणाकोणाकडे होती, हे सांगता येते, त्याची ती किंमत आहे.

आता इंदूर. यशवंतराव होळकर दुसरे १९२६ मध्ये गादीवर आले. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, आणि १९३० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी ड्यूसेनबर्गची ‘एसजे’ मागवली. लांब चॅसिसची : पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतरच जवळजवळ तेरा फूट. इंजिनाचा नंबर जे-५८५, म्हणजे अगदी शेवटच्या काहींपैकी एक. चॅसिस अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, आखणी मॅकनील या आरेखकाची. लांबलचक बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, नारिंगी आणि काळा रंग. एवढ्या लांबीत उघड्यावर बसायची सोय मोजक्या माणसांची.

या गाडीकडे आपण कसे पाहावे? नुसत्या अभिमानाने पाहणे मला पुरेसे वाटत नाही. संस्थानिकाची चैन शेवटी रयतेच्या साऱ्यातून चालते, हे होळकरांच्या राज्यातही खरे होते. उलट, उधळपट्टी म्हणून हात झटकणेही बरोबर नाही. आयोवातल्या सायकल-मिस्त्रीची बुद्धी, लंडनच्या कारागिराचा हात आणि माळव्यातल्या मराठी राजाची नजर एका वस्तूत एकत्र आली, असे वारंवार घडत नाही. १९४८ मध्ये इंदूर मध्य भारतात विलीन झाले. माणिकबागेतले फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावाला निघाले, वाड्यात सरकारी कचेरी आली. गाडी अमेरिकेला गेली. तिची सगळी कुळकथा आज तिकडच्या वह्यांत नीट लिहिलेली आहे. पण इंदुरात ती कोण चालवी, कोण धुई, तिचे तेल कोणत्या मिस्त्रीने बदलले, कोणत्या रस्त्याने ती निघे, हे त्या वह्यांत नाही. ते असलेच तर आपल्या घरांत असेल.

वाचकहो, मराठी माणसाला हे काम नवे नाही. राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळत फिरले. सरदेसायांनी बडोद्याच्या नोकरीत राहून रियासतींचे खंड लिहिले. त्यांनी जपली ती राजांची आणि सरदारांची पत्रे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने संस्थानांत कारकुनी केली, मोटारखाना सांभाळला, कारखान्यांचे हिशेब लिहिले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव इथल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर एखाद्या मोटारीजवळ उभे राहून काढलेला फोटो असेल, मोटारखान्याची पगारपावती असेल, ड्रायव्हिंगचा जुना परवाना असेल. ऑबर्नच्या त्या हौशी मंडळींनी असल्याच चिठोऱ्यांपासून सुरुवात केली होती.

म्हणून एवढीच विनंती. या दिवाळीत माळा झाडताना असा फोटो हाती लागला, तर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा : कोण, कुठे, कोणत्या साली. गाडीचा नंबर दिसत असेल तर तोही. आणि त्याची एक प्रत आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्या.