एका सांधेदुखीचे नाव आणि तिचा संकेतांक

१० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या व्याधी-वर्गीकरणातील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग सुरू झाला आणि आयुर्वेद, सिद्ध व युनानी परंपरांतील व्याधींना जागतिक संकेतांक मिळाले. त्या निमित्ताने संकेतांकांची चर्चा झाली, ती बहुतेक अभिमानाच्या सुरात. परंतु संकेतांक ही निव्वळ कारकुनी बाब नसते. व्याधीविषयी त्या त्या काळाला काय वाटत होते, तेही त्या आकड्यांत गोठून राहते. प्रतिक्रियात्मक संधिदाह, म्हणजे रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस, हे त्याचे फार बोलके उदाहरण आहे.

या आजाराची रीत विलक्षण आहे. आधी हगवण किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि तो बराही होतो. मग एक ते चार आठवड्यांनी गुडघा नाहीतर घोटा सुजतो, कधी डोळे लाल होतात. सांध्यातील पाणी काढून तपासले तर त्यात जिवंत जंतू वाढत नाहीत. संसर्ग एका जागी आणि दाह दुसऱ्या जागी, असा हा प्रकार असल्यामुळे वर्गीकरण करणाऱ्यांची पंचाईत झाली.

मूत्रमार्ग, सांधे व डोळे यांच्या एकत्रित दाहाचे रुग्ण इंग्रज शल्यचिकित्सक बेंजामिन ब्रॉडी यांनी १८१८ मध्येच वर्णिले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, फ्रान्समध्ये फिसिंजर व लेरॉय यांनी आणि जर्मनीत हान्स रायटर याने हगवणीनंतरच्या अशाच रुग्णांची नोंद केली. रायटरचा रुग्ण एक सैनिकी अधिकारी होता. हा आजार स्पायरोकीट जातीच्या जंतूमुळे होतो, असे रायटरने ठरवले. ते सपशेल चुकीचे होते. तरीही १९४२ मध्ये अमेरिकेत बाउअर व एंगलमन यांनी आपल्या लेखात ‘रायटर्स सिंड्रोम’ हे नाव वापरले आणि ते पाठ्यपुस्तकांत रुजले. म्हणजे पहिला नसलेल्या आणि कारणही चुकीचे सांगितलेल्या माणसाला हा मान मिळाला.

इथवरचा प्रकार वैद्यकाच्या इतिहासात नवा नाही. पुढचा भाग मात्र भयंकर आहे. हे नाव रुजत होते, तेव्हा रायटर नाझी राजवटीत जर्मनीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यालयाचा अध्यक्ष होता. सक्तीच्या निर्बीजीकरणाला त्याचा पाठिंबा होता, आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीत कैद्यांवर झालेल्या टायफस लसीच्या प्राणघातक प्रयोगांशी त्याचा संबंध होता. (टायफस म्हणजे आपल्याकडचा टायफॉइड नव्हे.) युद्धानंतर काही काळ तो कैदेत होता. मग सुटला आणि १९६९ मध्ये वारला.

योगायोग असा, की त्याच १९६९ साली फिनलंडमधील अह्वोनेन, सिव्हर्स व आहो यांनी येर्सिनिया जंतूच्या संसर्गानंतरच्या सांधेदाहासाठी ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’ ही संज्ञा योजली. तिच्यात माणसाचे नाव नव्हते, यंत्रणेचा निर्देश होता. १९७३ मध्ये एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेशी असलेले नाते उघड झाले आणि तिला अधिक बळ मिळाले. २००७ मध्ये एंगलमन यांनी, वयाच्या नव्वदीनंतर, आपण रूढ केलेले नाव सहकाऱ्यांसह जाहीरपणे मागे घेतले. वैज्ञानिकाने पासष्ट वर्षांनी आपलाच शब्द परत घ्यावा, असे क्वचितच घडते.

पण संकेतांकांच्या वह्या इतक्या लवकर बदलत नाहीत. अमेरिकेत १९७९ पासून २०१५ पर्यंत चाललेल्या आयसीडी-९-सीएममध्ये ‘रायटर्स डिसीज’चा संकेतांक ०९९.३ होता, आणि ०९९ हा गट होता ‘इतर गुप्तरोगां’चा! दूषित पाण्याने हगवण होऊन ज्याचा गुडघा सुजला, त्याच्याही कागदावर गुप्तरोगाच्या गटातील आकडा पडू शकत असे. विमा कंपनीच्या किंवा नोकरीच्या ठिकाणच्या कागदावर अशा आकड्याचा अर्थ काय लावला जाईल, हे सांगायला नको.

१९९० मध्ये मंजूर झालेल्या आयसीडी-१० ने ही मांडणी सुधारली. सांध्यात जंतू प्रत्यक्ष शिरल्यास एम०० व एम०१, आणि प्रतिक्रियेने दाह झाल्यास एम०२. त्यातही हगवणीनंतरचा दाह एम०२.१, लसीकरणानंतरचा एम०२.२, आणि एम०२.३ वर अजूनही रायटरच. अमेरिकी आवृत्तीने त्यात सांधा व बाजूही जोडली आहे. उजव्या गुडघ्याचा ‘रायटर्स डिसीज’ म्हणजे एम०२.३६१. अमेरिकी रुग्णालयांचे कोडिंगचे काम हैदराबाद, चेन्नई, पुणे येथील हजारो तरुण करतात. त्यांच्यापैकी कितीजणांना या नावामागचा माणूस ठाऊक असेल?

आपल्या स्वतःच्या नोंदींचा प्रश्न मात्र नावाहून खोल आहे. भारताच्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदींच्या मानकांनी, २०१३ च्या आणि २०१६ च्या सुधारित आवृत्तीनेही, आयसीडी-१० चा पुरस्कार केला. परंतु कोडर निदान करत नाही. डॉक्टरांनी जे लिहिले, त्यालाच तो संकेतांक देतो. गर्दीच्या ओपीडीत अस्थिरोगतज्ज्ञापुढे बसलेला रुग्ण गुडघ्याविषयी बोलतो. पोट तर केव्हाच बरे झालेले असते, आणि मूत्रमार्गाच्या त्रासाविषयी तो लाजेने गप्प राहतो. ज्या देशात हगवण इतकी परिचित आहे, तेथे ती सांगण्याजोगी गोष्टही वाटत नाही. त्यामुळे हा आजार आपल्या आकडेवारीत दिसतो त्याहून अधिक असावा, असे मला वाटते.

‘तीन आठवड्यांपूर्वी रक्ती आव, चार दिवस, आता उजव्या गुडघ्याचा प्रतिक्रियात्मक दाह’ एवढी ओळ केसपेपरवर असली, तर कोडर एम०२.१ पर्यंत पोहोचतो. नुसते ‘गुडघा सुजला, संधिदाह’ असले, तर एम१३.९, म्हणजे अनिर्दिष्ट संधिदाह. आणि ‘गुडघेदुखी’ एवढेच असले, तर एम२५.५. मग त्या रुग्णाच्या गावच्या पाण्याचा त्याच्या गुडघ्याशी काही संबंध होता, हे कोणत्याही तक्त्यात उमटत नाही.