पेजर : संगणकाच्या पडद्यावरील मजकुराचे पृष्ठवार नियंत्रण

संगणकाने दिलेला लांब मजकूर पडद्यावर एका वेळी एक पृष्ठ याप्रमाणे दाखविणाऱ्या आणि पुढील पृष्ठासाठी वाचकाच्या संकेताची वाट पाहणाऱ्या आज्ञावलीस पेजर असे म्हणतात. (खिशात बाळगावयाच्या निरोप-यंत्रासही हेच नाव होते, त्याचा येथे संबंध नाही.) कळफलकावरून आज्ञा टंकित करून जेथे काम चालते, त्या टर्मिनलवर पेजरचा उपयोग होतो. आज्ञावली लिहिताना होणाऱ्या बदलांची क्रमवार नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीत तो न मागताच सुरू होतो. त्यामुळे मजकुराच्या गतीवर ताबा कोणाचा, आज्ञा देणाऱ्याचा की ती पाळणाऱ्या साधनाचा, हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. पेजरचा इतिहास हा बव्हंशी या प्रश्नाचाच इतिहास आहे.

प्रारंभी पेजरची गरज नव्हती, कारण पडदाच नव्हता. १९६३ मध्ये बाजारात आलेला टेलिटाइप कंपनीचा ३३ क्रमांकाचा दूरमुद्रक सेकंदाला १० अक्षरे या गतीने कागदाच्या गुंडाळीवर मजकूर छापीत असे. मजकूर कितीही लांब असला, तरी तो कागदावर शिल्लक राही. गुंडाळी मागे उलगडून तो पुन्हा वाचता येई. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या यूनिक्स या प्रणालीवर आरंभीचे बरेचसे काम अशाच यंत्रांवरून चाले. यूनिक्सच्या आज्ञांची दोन-तीन अक्षरी नावे आणि तिची मितभाषी उत्तरे यांचे मूळ पुष्कळ अंशी या मंदगतीत शोधता येते.

पडद्याचे टर्मिनल आल्यावर ही स्थिती पालटली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीटी५२ (१९७५) व व्हीटी१०० (१९७८) या टर्मिनलांवर ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे १,९२० अक्षरे मावत. दूरमुद्रकाला इतकी अक्षरे छापावयास तीन मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणाऱ्या तारेवर ती सुमारे दोन सेकंदांत पडद्यावर उमटत आणि पुढील दोन सेकंदांत वर सरकून नाहीशी होत. नाहीशी झालेली ओळ परत आणण्याची सोय नव्हती. नियंत्रण-कळीबरोबर ‘एस’ दाबून मजकूर थोपविता येई व ‘क्यू’ दाबून पुन्हा सोडता येई. परंतु त्यासाठी बोटांना जे चापल्य लागे, ते सर्वांच्या अंगी नसे. गती वाढली, पण वाचकाच्या हातचा कागद गेला.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील आयटीएस प्रणालीत पडदा भरला की ‘मोअर’ (आणखी) असा शब्द दाखवून थांबण्याची सोय होती. तीच कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डॅनियल हॅल्बर्ट या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये यूनिक्सवर आणली व आज्ञावलीस ‘मोअर’ हेच नाव दिले. पुढे एरिक शिनब्रूड, जेफ पेक व जॉन फोडेरारो यांनी तीत भर घातली. अंतर-कळ दाबली की पुढील पृष्ठ, ‘एंटर’ दाबली की पुढील ओळ, असा तिचा साधा व्यवहार होता.

येथे एक रचनाविषयक निर्णय महत्त्वाचा ठरला. प्रत्येक आज्ञेत पृष्ठे पाडण्याची सोय स्वतंत्रपणे न घालता एका आज्ञेचा मजकूर दुसरीकडे वळविणाऱ्या पाइपच्या आधारे ते काम पेजरकडे सोपविण्यात आले. पाइपची कल्पना डग्लस मॅक्इलरॉय यांनी १९६४ मध्ये मांडली होती आणि टॉम्प्सन यांनी ती १९७३ मध्ये यूनिक्समध्ये उतरविली. पाइपमध्ये थोडाच मजकूर मावतो. लिनक्समध्ये सामान्यतः ६५,५३६ बाइट. पेजरने वाचणे थांबविले की पाइप भरतो आणि लिहिणारी आज्ञा आपोआप खोळंबते. वाचकाने पेजर बंद केल्यावर ती पुन्हा लिहू पाहते, तेव्हा प्रणालीकडून तिला संकेत मिळतो व ती संपते. वाचकाचा कंटाळा लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचविण्याची इतकी सोपी युक्ती क्वचितच आढळेल. कोणता पेजर वापरावयाचा हे ‘पेजर’ नावाच्याच एका पर्यावरण-चलात लिहून ठेवण्याचा प्रघातही पडला. हस्तपुस्तिका दाखविणाऱ्या व टपाल वाचणाऱ्या आज्ञा त्याचा मान राखू लागल्या.

‘मोअर’मधील मोठी उणीव अशी की, पाइपमधून आलेल्या मजकुरात मागे जाता येत नसे. ती दूर करण्यासाठी मार्क न्यूडेलमन यांनी १९८३–८५ या काळात नवा पेजर लिहिला व ‘मोअर’ची उलट चाल म्हणून त्याला ‘लेस’ (कमी) असे विनोदी नाव दिले. संपूर्ण मजकूर येण्याची वाट न पाहता तो पहिले पृष्ठ दाखवितो आणि आलेला मजकूर स्मृतीत साठवून मागे नेतो. दूरमुद्रकाच्या गुंडाळीने जे दिले होते, ते सुमारे वीस वर्षांनी अशा रीतीने वाचकास परत मिळाले.

बदलांची नोंद ठेवणाऱ्या जुन्या प्रणाली या बाबतीत तटस्थ होत्या. सीव्हीएस किंवा सबव्हर्जनकडे इतिहास मागितला की तो सरळ पडद्यावरून धावत जाई. पेजर लावणे हे वाचकाचे काम होते. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्यासाठी गिट निर्माण केली, तेव्हा हा प्रघात मोडला. ‘गिट लॉग’ ही आज्ञा आरंभी काही ओळींची होती, पण तिच्या शेवटी मजकूर पेजरकडे वळविलेला होता. यामागे व्यावहारिक निकड होती. लिनक्सच्या गाभ्यातील नोंदींनी २०२० मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. एवढा इतिहास मागूनही पहिले पृष्ठ तत्काळ दिसते आणि बाकीचा तयारच करावा लागत नाही, हे वर सांगितलेल्या पाइपमुळे शक्य होते.

तथापि न मागितलेल्या साहाय्याची किंमतही असते. प्रारंभीच्या रचनेत मूळ प्रक्रिया पेजर बने व गिटचे काम तिच्या अपत्य-प्रक्रियेत चाले. परिणामी आज्ञा यशस्वी झाली की नाही याचे उत्तर गिटऐवजी पेजरकडून मिळे. २००८ मध्ये हे नाते उलट करण्यात आले. ‘लेस’ला गिट स्वतःहून तीन सूचना देते : मजकूर एका पडद्यात मावत असेल तर न थांबता बाहेर पडावे, रंगांचे संकेत तसेच जाऊ द्यावेत आणि संपल्यावर पडदा पुसू नये. लांब ओळी छाटण्याची चौथी सूचनाही पूर्वी असे. तिच्यामुळे ओळीचा उजवा भाग नजरेआड होई. २०१४ मध्ये ती काढण्यात आली, हे योग्यच झाले. वाचकाने ‘लेस’साठी आपल्या सूचना आधीच नमूद केल्या असतील, तर गिट आपल्या सूचना देत नाही. हा सभ्यपणा खरा; पण त्यामुळे एखाद्याच्या पडद्यावर रंगांऐवजी अर्थहीन चिन्हे उमटतात आणि कारण लवकर ध्यानात येत नाही.

जानेवारी २०१८ मधील २.१६ या आवृत्तीपासून शाखांची यादीही पेजरमधून दाखविली जाऊ लागली. चार नावे पाहू इच्छिणाऱ्यास यादी लांबताच अनपेक्षितपणे पेजरमध्ये शिरावे लागते आणि ‘क्यू’ दाबल्याखेरीज बाहेर पडता येत नाही, हे नवशिक्यास कोणी सांगितलेले नसते. मजकूर धारिकेत वा दुसऱ्या आज्ञेकडे जात असल्यास गिट पेजर लावीत नाही. परंतु यंत्राने चालविलेल्या कामास आभासी टर्मिनल जोडलेले असेल, तर गिटची फसगत होते व कोणीही दाबणार नसलेल्या कळीची वाट पाहत ते काम अडून राहते.

ताबा परत घेण्याचे मार्ग अनेक आहेत. एका आज्ञेपुरता पेजर नको असल्यास ‘नो-पेजर’ हा पर्याय ‘गिट’ या शब्दानंतर लगेच द्यावा लागतो. एखाद्याच आज्ञेसाठी तो कायमचा बंद ठेवता येतो. पेजरच्या जागी मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलणारी ‘कॅट’ नेमली, तर तो सर्वत्र बंद होतो. पेजर निवडताना गिट प्रथम ‘गिट_पेजर’ हे चल, नंतर स्वतःच्या मांडणीतील ‘कोअर.पेजर’, त्यानंतर सर्वसाधारण ‘पेजर’ हे चल पाहते. यांपैकी काहीच नसेल, तर सामान्यतः ‘लेस’ वापरला जातो.

देवनागरीत लिहिणाऱ्यास आणखी एक अडचण येते. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. टर्मिनलची भाषा-मांडणी त्यास अनुरूप नसेल, तर ‘लेस’ अक्षरांऐवजी बाइटांचे अंक कोनी कंसात दाखवितो. मांडणी सुधारली तरी धारिकांची मराठी नावे गिट अष्टमान अंकांतच छापते, उदा., ‘म’ या अक्षराच्या जागी ३४०, २४४ व २५६ हे अंक दिसतात. हा दोष पेजरचा नसून गिटच्या ‘कोअर.कोटपाथ’ या मांडणीचा आहे आणि ती बंद केल्यावर नावे देवनागरीत दिसू लागतात.