गणपती बसले तव्हा, का उठले तव्हा?

आजीच्या लोखंडी पेटीत लुगडी कमी आणि पंचांगं जास्त होती. सुतळीनं बांधलेले गठ्ठे, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. ती ज्योतिष पाहायची नाही. कुणाचा मंगळ कुठं बसलाय याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. ती प्राथमिक शाळेतली बाई होती, आणि पंचांग हे तिच्या शाळेच्या कामाचं सामान होतं, खडूसारखं.

जाफराबाद तालुक्यातलं आमचं गाव वऱ्हाडच्या शिवेला चिकटलेलं. आज शीव ओलांडली की बुलढाणा जिल्हा लागतो, एवढंच. तिच्या लहानपणी तिथं राज्य बदलायचं. अलीकडं निजामाची मोगलाई, पलीकडं इंग्रजाचा मुलूख. अलीकडं हाली रुपया, पलीकडं कलदार. सात हालीचे सहा कलदार, हा हिशोब तिला शेवटपर्यंत पाठ होता. सालसुद्धा वेगळं. निजामाच्या कचेरीत फसली सन चालायचा. आजूर, दय, बहमन असे महिने, आणि वर्ष ऑक्टोबरात पालटायचं. फसलीत ५९० मिळवले की ढोबळमानानं इसवी सन निघतो. “मी तेराशे पंचेचाळीसची,” ती म्हणायची, आणि आम्ही नातवंडं हसून लोळायचो. शिवाजीमहाराजांच्याही आधीची आजी!

१३४५ फसली म्हणजे १९३५चा ऑक्टोबर ते १९३६चा ऑक्टोबर. तिच्या आईनं सांगून ठेवलं होतं ते इतकंच: दिवाळीचे दिवस होते, पणत्या लागल्या होत्या.

रझाकारीत, १९४७-४८ला, एका रात्री गाडी जुंपून सगळं घर चिखलीकडं गेलं. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा गोष्टीत शौर्य वगैरे नसायचं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून गोणपाटात गुंडाळल्या होत्या, आणि धाकट्या भावानं रडू नये म्हणून त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला होता. बस्स. गोष्टीचा खरा भाग पुढं असायचा. वऱ्हाडात तिनं मराठी शाळा पाहिली आणि शाळेत बसलेल्या पोरी पाहिल्या. मोगलाईत शाळांची नावंच तहतानिया, वस्तानिया, फोकानिया. वरच्या वर्गांत शिकवणंही उर्दूतून. खेड्यातली पोर तिकडं कशाला फिरकेल?

पोलीस ॲक्शननंतर घर परत आलं आणि तिनं वडिलांच्या मागं टुमणं लावलं. तालुक्याच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली. वडील म्हणाले, दिवाळी. मास्तरांनी लिहिलं, १ जून १९३५. शाळा जूनमध्ये उघडते, तर जन्मही जूनमधलाच.

एक जूनला जन्मलेल्यांची महाराष्ट्रात केवढी गर्दी आहे, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात मोजून पाहावं. नोकरीच्या नियमानं महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून दर ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत हारतुऱ्यांची रांग लागते. आजीही ३१ मे १९९३लाच अठ्ठावन्न पुरी करून घरी आली. “दिवाळीपर्यंतचा पगार मास्तरांनी गिळला,” असं हार गळ्यात असतानाच म्हणाली.

सातवी पास झाल्यावर १९५५ला ती नोकरीला लागली, तेव्हा आमचा भाग अजून हैदराबाद राज्यातच होता. पहिल्याच जूनमध्ये एक बाई पोराला बखोटीला धरून घेऊन आली.

“कव्हा झाला?”

“ॲक्शनच्या गणपतीत.”

“गणपती बसले तव्हा, का उठले तव्हा?”

“उठले त्याच दिशी. निजाम शरण आला म्हून दोन रोजांनी कळलं, तव्हा म्या बाळतीण व्हते.”

एक जून टाकून मोकळं होता आलं असतं. आजी उठून जोश्याच्या घरी गेली, जुनं पंचांग मागितलं. १९४८ची अनंत चतुर्दशी होती १७ सप्टेंबरला, म्हणजे ज्या दिवशी हैदराबाद शरण आलं त्याच दिवशी. तिनं रजिस्टरात ती तारीख लिहिली. जोश्याला पंचांग काही परत मिळालं नाही. पेटीतला तो पहिला ऐवज. पुढं दर पाडव्याला नवं पंचांग यायचं आणि जुनं पेटीत जायचं.

मग हे तिचं कामच झालं. आयांना तारखा ठाऊक नसायच्या, पण दिवस पक्के ठाऊक असायचे. पोळ्याची कर होती. महालक्ष्म्या जेवायला बसल्या होत्या. आखाजीचा घागर भरायचा दिवस. आजी प्रश्नामागून प्रश्न विचारायची, अलीकडं की पलीकडं, चांदणं होतं का, ज्वारी खळ्यावर आली होती की उभी होती. एखादी बाई वैतागायची, “बाई, मला शाळेत घालायचंय का लेकराला?” तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले होते, एक जून टाका, कशाला डोक्याला ताप? आजी म्हणाली, “पोरगं जूनमध्ये झालेलं नाही, साहेब.” ती काही फार गोड बाई नव्हती. छडी मारायची, आणि हिशोब चुकला तर स्वतःच्या नातवालाही मारायची, हे मी खात्रीनं सांगू शकतो.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र पंचांग हरलं. सण झालेच नाहीत म्हटलं तरी चालेल. बैल विकलेले, मग पोळा कुणाचा? माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, रेशनवर लाल मिलो, पोरांच्या ओंजळीत सुकडी. त्या काळात झालेली लेकरं १९७८-७९ला शाळेत आली. आया सांगायच्या, सुकडी सुरू झाली त्या आठवड्यात. पंचांगात सुकडी नसते. एका पोराच्या बाबतीत तिनं जुन्या मुकादमाला गाठलं. त्यानं हजेरीपटाची एक नक्कल घरी ठेवली होती, आपल्यावर बालंट नको म्हणून. त्या माउलीचा खाडा कोणत्या दिवसापासून पडला ते पाहिलं. पोटुशी असूनही ती एकही दिवस चुकलेली नव्हती. खाडा पडला तो थेट बाळंतपणाचा. अकराव्या दिवशी पुन्हा हजेरी.

हा मुलगा पुढं ग्रामपंचायतीत लागला. आजी गेली ऑगस्ट २०१३ला. आदल्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या होत्या, टँकरवर गावं जगली होती. आमच्याकडं आता ‘मोसंबी जळाली ते साल’ असंच म्हणतात. मृत्यूची नोंद करताना त्यानं पेन थांबवलं. “वय कागदावरचं लिहू का खरं?” कागदावर अठ्ठ्याहत्तर होत होते. खरे सत्त्याहत्तर, दिवाळी अजून यायची होती. १९३५चं पंचांग तिला कधीच मिळालं नाही. त्यानं अठ्ठ्याहत्तर लिहिलं. “माझं बाईंनी खाड्यावरून काढलं,” एवढंच म्हणाला.

२०२३ला आमच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि मराठवाडाभर कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं फडताळांतून खाली उतरली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मोल आलं. निर्गम उताऱ्यासाठी मीही शाळेत गेलो. दाखल-खारीज रजिस्टर उघडलं. लोकांचं बोट जातीच्या रकान्यावरून फिरत होतं, माझं शेजारच्या तारखेच्या रकान्यावरून.

तिची पानं ओळखायला अक्षर पाहावं लागलं नाही. १७ सप्टेंबर. ३ मार्च. २९ ऑगस्ट. दोन सारख्या तारखा सलग सापडेनात. समासात शिसपेन्सिलीनं बारीक टिपणं, ‘आईच्या सांगण्यावरून’, आणि एका ठिकाणी ‘हजेरीपटावरून’. मग तिची बदली झाली असणार. पान उलटलं. निळी शाई, वळणदार अक्षर, आणि वरपासून खालपर्यंत १ जून, १ जून, १ जून.