कॅनडाची संघीय निवडणूक, १९८८
अमेरिकेशी मुक्त व्यापार करावा की नाही, या प्रश्नाभोवती लढली गेलेली कॅनडाची सार्वत्रिक निवडणूक (२१ नोव्हेंबर १९८८). प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी केलेला करार लिबरल बहुमताच्या सिनेटने अडवला आणि निवाडा मतदारांकडे गेला. समर्थकांना त्यात विस्तीर्ण बाजारपेठ दिसत होती. विरोधकांना सार्वभौमत्व, संस्कृती व समाजकल्याण योजनांची चिंता होती. ऑक्टोबरमध्ये दूरचित्रवाणीवरील वादचर्चेत लिबरल नेते जॉन टर्नर यांनी मल्रोनींना धारेवर धरताच वातावरण तापले. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे एड ब्रॉडबेंट हेही विरोधातच होते. त्यामुळे करारविरोधी मते विभागली. सुमारे ४३% मतांवर मल्रोनींनी २९५ पैकी १६९ जागा जिंकल्या. करार १ जानेवारी १९८९ पासून अंमलात आला.