प्रकाशाचा नियम आणि विखुरलेली पाने

पाण्याच्या पेल्यात चमचा ठेवला की मोडल्यासारखा दिसतो. हवेतून पाण्यात किंवा काचेत जाताना प्रकाश वाकतो, त्याचा हा खेळ. तो किती वाकतो, हे सांगणारा नियम आपण शाळेत स्नेलच्या नावाने शिकलो. या डच गणितज्ञाला तो १६२१ साली गवसला. पण न छापताच १६२६ मध्ये तो वारला. देकार्तने १६३७ मध्ये नियम छापला.

मात्र बगदादच्या इब्न सहल यांनी इ. स. ९८४च्या सुमारास, आग पेटवणाऱ्या आरशांवर आणि भिंगांवर लिहिताना, हाच नियम भूमितीतून मांडला होता. त्या ग्रंथाची पाने दमास्कस आणि तेहरानमध्ये विखुरलेली. रश्दी राशेद या अभ्यासकाने ती जुळवली आणि १९९० मध्ये हे जगापुढे मांडले.

वाचून माझी छाती फुगली, खोटे कशाला बोलू? मग खजील झालो. स्नेलने काही चोरले नव्हते. त्याने नियम स्वतंत्रपणेच शोधला. इब्न सहल यांना विसरलो ते आपणच. मंडळी, आपल्याकडेही मशिदींत, मठांत, वाड्यांत जुनी बाडे पडून आहेत. वाळवीच्या आधी ती कुणी तरी उघडायला हवीत.