टेक्सासची ज्वारी आणि सरकीची पेंड



आंबोणात दाणा किती आणि पेंड किती, हा प्रश्न तुम्हाला रोजचाच. पेंडीचा भाव चढला की तो जास्तच टोचतो. अमेरिकेत मांसासाठी गुरे पोसणाऱ्यांनी याच प्रश्नावर दोनशे वर्षे डोकं खपवलं आहे. आपण जनावर पाळतो ते दुधासाठी नि औतासाठी. पण कोठीपोट तिकडच्या गुराचे काय नि इकडच्या गुराचे काय, सारखेच. म्हणून ही हकिकत सांगतो.

सुरुवात मक्याने झाली. १८०५ साली ओहायोतल्या जॉर्ज रेनिक यांनी मक्यावर पोसलेली गुरे डोंगर ओलांडून, पायी चालवत बाल्टिमोरच्या बाजाराला नेली. मका न्यायला धड गाडीरस्ता नव्हता, तेव्हा मक्यालाच चार पाय लावले म्हणा ना! पण मक्यात प्रथिने शेकडा ९ च्या आसपास. नुसत्या दाण्याने चरबी चढते. वाढत्या अंगाला तेवढ्याने भागत नाही.

ही उणीव भरून काढली सरकीने. जिनिंगमधली सरकी तिकडे एके काळी कचरा म्हणून टाकून देत. तेलगिरण्या निघाल्या आणि १८८० नंतर टेक्सासात गिरणीच्या शेजारीच गुरे कोंडून त्यांना सरकीची पेंड नि टरफले घालू लागले. सोललेल्या सरकीच्या पेंडीत प्रथिने शेकडा ४० च्या घरात असतात, सालासकट पेंडीत जवळजवळ निम्मीच. पेंड विकत घेताना हे आजही विचारून घ्या.

पेंड जनावर खातं खरं, पण तिच्यावर पहिला हात मारतात ते कोठीपोटातले सूक्ष्म जीव. ते वाढतात नि पुढे जनावराला तेच पचतात. जर्मनीत झुंट्झ यांनी १८९१ साली हा विचार मांडला. १९३९ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात वाढत्या कालवडींना युरिया देऊन पाहिला, तेव्हा त्यातल्या नत्राचीही प्रथिने होतात असे दिसले. मग थोडी पेंड कमी करून युरिया घालण्याची रीत पडली. हे वाचून कुणी खताच्या पोत्यातला युरिया अंदाजाने आंबोणात टाकू नये! मात्रा चुकली तर जनावर काही तासांत दगावते. कोठीपोट तयार न झालेल्या वासराला तर तो मुळीच देऊ नये.

आता आपल्या ओळखीचं पीक. १९५४ साली टेक्सासात मायलो आणि काफिर या ज्वारीच्या जातींच्या संकरातून नर-वंध्य ज्वारी मिळाली, आणि दोन-तीन वर्षांत संकरित बियाणे शेतकऱ्यांच्या हाती आलं. विहिरींच्या पाण्यावर ज्वारी अमाप पिकू लागली. ती खायला हजारो गुरांचे वाडे उभे राहिले, त्यांना तिकडे फीडलॉट म्हणतात. आपली सी. एस. एच.-१, आपण जिला नुसतं ‘हायब्रीड’ म्हणालो, ती १९६४ ची. तिची मादी जात काफिर-६० तिकडूनच आलेली. तिथे ज्वारी गुरांची, इथे भाकरीची!

पण अख्खी ज्वारी घातली तर दाणे शेणात तसेच पडत. ज्वारीचे पिष्ट चिवट प्रथिनांत गुंतलेलं असतं, मक्याहून अधिक. १९६० नंतर ॲरिझोना विद्यापीठाने ज्वारी वाफवून रोलरखाली चपटी करण्याची पद्धत बसवली, थेट आपल्या पोह्यांसारखी. मग तीच ज्वारी अंगी लागू लागली. पुढे मक्याने तिला बरंच मागे सारलं, पण मकाही आता तसाच वाफवून घालतात. आपल्याकडे वाफेचं यंत्र नाही, पण भरडा तर काढता येतो. शेणात अख्खे दाणे दिसले तर जातं किंवा चक्की पुन्हा तपासा.

एक धोका मात्र भरड्यानेच वाढतो. खळ्यावर सुटलेल्या बैलाने राशीत तोंड घातलं की काय होतं, ते जुन्या माणसांना विचारा. पिष्ट एकदम आंबतं, कोठीपोटात आम्ल साचतं, बैल खाली बसतो तो उठत नाही. फीडलॉटवाल्यांनीही अशी गुरे गमावली. म्हणून नवं जनावर आलं की तिथे आधी वैरण जास्त ठेवतात आणि दाणा सुमारे तीन आठवड्यांत पायरीपायरीने चढवतात. तुमच्या गाईला आज १ किलो भरडा चालू असेल, तर २ किलोवर जायला आठवडाभर घ्या, आणि कडबा आधी घाला, भरडा मागून.