पेशीमृत्यू-नियामक प्रथिने आणि स्त्री-जननेंद्रियांचे कर्करोग

डीएनए बिघडलेली किंवा विषाणूने ग्रासलेली पेशी सहसा स्वतःच स्वतःचा शेवट घडवून आणते. या नियोजित पेशीमृत्यूला कर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ‘अपॉप्टोसिस’ असे नाव दिले. त्याचे नियमन करणारी प्रथिने निकामी झाली, की मरायला हवी ती पेशी जगते आणि विभागत राहते.

कार्यपद्धती : डीएनएला इजा झाल्यास पी५३ हे प्रथिन पेशीविभाजन थांबवते. इजा दुरुस्तीपलीकडची असेल, तर ते प्यूमा, नॉक्सा, बॅक्स या मृत्युप्रवर्तक प्रथिनांची निर्मिती वाढवते. बॅक्स व बॅक ही प्रथिने तंतुकणिकांच्या बाह्यपटलाला छिद्रे पाडतात. तेथून निसटलेल्या सायटोक्रोम-सीमुळे कॅस्पेज-९ व पुढे कॅस्पेज-३ ही विकरे कार्यान्वित होऊन पेशीतील प्रथिने कातरतात. बीसीएल-२ व एमसीएल-१ ही प्रथिने अशी छिद्रे पडू देत नाहीत, तर एक्सआयएपी कॅस्पेजांना अडवते.

कर्करोगांतील बिघाड : बीजांडकोशाच्या उच्चश्रेणी सीरस कर्करोगात पी५३चे जनुक जवळजवळ प्रत्येक रुग्णात उत्परिवर्तित असते. गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगात अनेकदा पीटेन हे प्रथिन नाहीसे होते. त्यामुळे एकेटी हे विकर मोकाट सुटते व पेशीला जगवते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र पी५३चे जनुक बहुधा शाबूत असते. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे (एचपीव्ही) ई६ हे प्रथिन पेशीतील ई६एपी या प्रथिनाच्या मदतीने तयार पी५३ नष्ट करवते. सिस्प्लॅटिनसारखी कर्करोगविरोधी औषधे डीएनएला इजा करून पेशीमृत्यू घडवतात. हा मार्गच बंद पडला, की त्यांचा प्रभाव घटतो.

प्रतिबंध : एचपीव्ही वेळीच सापडल्यास गर्भाशयमुखाचा कर्करोग रोखता येतो. याचा भक्कम पुरावा धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातून मिळाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेथील ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर १९९९ पासून चाचणी राबवली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४, तर तुलनेच्या गटात ६४ मृत्यू झाले. पॅप तपासणी व ॲसिटिक आम्ल लावून केलेली दृश्य तपासणी यांच्या गटांत मृत्यूंमध्ये अशी लक्षणीय घट आढळली नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस (२०२३) एचपीव्हीच्या ६, ११, १६ व १८ या प्रकारांपासून संरक्षण देते. त्यांपैकी १६ व १८ हे कर्करोगाचे प्रमुख कारक आहेत.